ऑटोमॅटिक गाडीत हाताने गिअर बदलणे

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचे पायडल नसते आणि गिअर गाडी स्वतःच बदलते. तरीही कोणता गिअर असावा हे चालकाला ठरवता यावे म्हणून बहुतेक गाड्यांत मॅन्युअल मोड दिलेला असतो. गिअरचा दांडा ‘डी’वरून (ड्राइव्ह, म्हणजे आपोआप गिअर) ‘एम’कडे (मॅन्युअल) सरकवायचा आणि अधिक किंवा उणे खुणेकडे ढकलायचा, की एकेक गिअर वर-खाली होतो. काही गाड्यांत त्यासाठी स्टिअरिंगमागे पॅडल असतात. अधिकची खूण पुढे की मागे, हे कंपनीगणिक बदलते. अशी सोय देणारी पोर्शेची टिपट्रॉनिक पद्धत १९९०च्या सुमारास आली. भारतात २०१४ साली मारुती सुझुकी सेलेरिओसोबत एएमटी (नेहमीचाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्रणा स्वतः हाताळते) आली आणि ही सोय छोट्या गाड्यांतही मिळू लागली.

खानदेशात तापीच्या सपाट खोऱ्यात, धुळे-जळगाव-भुसावळ रस्त्यावर, ‘डी’ पुरतो. खोऱ्याबाहेर पडताना मात्र घाट लागतात: चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट, फर्दापूरच्या पुढे अजिंठ्याचा घाट, साक्री-नवापूर वाटेवर कोंडाईबारी, शहाद्याकडून सातपुड्यात तोरणमाळ. मॅन्युअल मोडचा खरा उपयोग या घाटांत, आणि त्यातही चढण्यापेक्षा उतरताना आहे.

कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असतो. इंजिनावर भार नाही असे समजून अनेक गाड्या ‘डी’मध्ये वरचा गिअर टाकतात. वरच्या गिअरात इंजिन गाडीला फारसे अडवत नाही, म्हणून वेग वाढत जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात. डॉट ३ प्रतीचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ते बरेच आधी उकळते. त्यात वाफ झाली की पायडल मऊ पडून खाली जाते आणि ब्रेक लागत नाहीत. उतार सुरू होण्याआधीच दुसरा किंवा तिसरा गिअर टाकला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि वेग आपोआप आवरतो. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरावा, हा ट्रकचालकांचा जुना नियम ऑटोमॅटिकलाही लागू पडतो. काही नव्या गाड्या उतार ओळखून गिअर खाली धरतात, पण आपली गाडी तसे करते की नाही हे आधी तपासलेले बरे.

पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारण्याची सवय अजून दिसते. ती धोक्याची आहे, शिवाय हिशेबही चुकीचा आहे. आजच्या इंजिनात गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की पुरेशा वेगात इंधनपुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहते.

चुकीने फार खालचा गिअर मागितला तर संगणक तो नाकारतो. वेग अगदी कमी झाला की मॅन्युअल मोडमध्येही गिअर आपोआप उतरतो. सीव्हीटी या पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक प्रकाराला खरे गिअर नसतात; तिथले टप्पे संगणकाने आखलेले असतात, उतारासाठी दांड्यावरचे ‘एल’ (लो) किंवा ‘एस’ (स्पोर्ट) वापरतात. एएमटीमध्ये नेहमीचाच क्लच असतो, त्यामुळे घाटातल्या कोंडीत गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली तर तो जळतो. तिथे मोड कोणताही असो, गाडी ब्रेकवर किंवा हँडब्रेकवरच थांबवावी.