‘निम्मे डॉक्टर बर्नआऊटचे बळी’: हा आकडा येतो कुठून?

दर काही महिन्यांनी बातमी येते: अमुक टक्के डॉक्टर बर्नआऊटच्या, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याच्या विळख्यात. कधी ३०, कधी ५०, कधी ७०. डॉक्टर थकतात, याबद्दल वाद नाही. पण रक्तातली साखर मोजावी तसा कुणी हा थकवा मोजलेला नसतो. एक प्रश्नावली भरून घेतलेली असते.

सर्वाधिक वापरातली प्रश्नावली क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांची, १९८१ सालची. प्रश्न २२. त्यांतून तीन वेगवेगळे गुण निघतात: भावनिक थकवा, रुग्णाकडे माणूस म्हणून न बघता नुसती ‘केस’ म्हणून बघण्याची वृत्ती आणि आपल्या हातून काही चांगलं घडतंय ही भावना. प्रत्येक उत्तराला ‘कधीच नाही’ला ० पासून ‘रोज’ला ६ पर्यंत गुण. थकव्याचे प्रश्न ९, म्हणजे कमाल गुण ५४. बरेच संशोधक २७ किंवा जास्त गुण म्हणजे ‘तीव्र’ थकवा मानतात. नऊही प्रश्नांना ‘महिन्यातून काही वेळा’ असं उत्तर दिलं की बरोबर २७ होतात. एका जरी प्रश्नाला त्याऐवजी ‘महिन्यातून एकदा’ म्हटलं की २६, आणि डॉक्टर यादीतून बाहेर!

ही रेघ आली कुठून? सुरुवातीला प्रश्नावली भरलेल्या लोकांचे गुण चढत्या क्रमाने लावून तीन समान भाग केले आणि वरच्या तिसऱ्या भागाला ‘तीव्र’ म्हटलं. म्हणजे त्या गटातले साधारण एक तृतीयांश लोक व्याख्येनेच ‘तीव्र’ ठरणार होते, मग ते कितीही मजेत असोत. आजार ठरवणारी ही सीमा नव्हेच. प्रश्नावलीच्या २०१६च्या आवृत्तीतून या रेघा काढून टाकल्या, तरी शोधनिबंधांतून त्या अजून काही हटत नाहीत.

आता खरी गंमत. समजा तिन्ही गुणांत प्रत्येकी एक तृतीयांश डॉक्टर ‘वाईट’ गटात आहेत आणि तिन्ही गुण एकमेकांवर अवलंबून नाहीत. ‘तिन्हींत वाईट तोच बर्नआऊट’ म्हटलं तर १/३ × १/३ × १/३, म्हणजे २७ पैकी १: जेमतेम ४ टक्के. ‘एकात जरी वाईट तरी बर्नआऊट’ म्हटलं तर? कशातच वाईट नसलेले २/३ × २/३ × २/३, म्हणजे २७ पैकी ८; उरलेले १९ बर्नआऊट. ७० टक्के! डॉक्टर तेच, उत्तरं तीच, बदलला तो फक्त ‘आणि’च्या जागी ‘किंवा’. प्रत्यक्षात हे गुण एकमेकांशी बांधलेले असल्याने अंतर थोडं कमी होतं, नाहीसं होत नाही. २०१८ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्याने ४५ देशांतले १८२ अभ्यास तपासले. बर्नआऊटच्या निदान १४२ वेगवेगळ्या व्याख्या निघाल्या आणि प्रमाण ० ते ८०.५ टक्के.

बर्नआऊट नाही म्हणजे डॉक्टर कामावर सुखी आहे, असंही नाही. त्यासाठी कामातलं समाधान वेगळं विचारावं लागतं. प्रश्नावलीऐवजी मनगटावरच्या, नाडी मोजणाऱ्या पट्ट्याने ‘स्ट्रेस स्कोअर’ म्हणजे ताणाचा आकडा दाखवला म्हणूनही हुरळून जाऊ नये. जिना चढल्यावरही नाडी वाढते.

मग या प्रश्नावल्या टाकाऊ का? मुळीच नाही. टक्केवारीचा नाद सोडून सरासरी गुण बघावेत. त्याच विभागात, त्याच प्रश्नावलीने, ड्युटीचं वेळापत्रक बदलण्याआधी आणि नंतर मोजलं तर उपयोगाचं काही हाती लागतं. अर्थात फॉर्म किती जणांनी भरले तेही बघायला हवं. फार दमलेला माणूस फॉर्म भरायचा टाळतो, चिडलेला आवर्जून भरतो आणि राजीनामा देऊन गेलेल्याला कुणी विचारतच नाही. म्हणून अशा पाहणीच्या शेजारी त्याच वर्षातल्या राजीनाम्यांची संख्याही छापली पाहिजे.