ओऑथ प्रमाणीकरणातील त्रुटी

ओऑथ प्रमाणीकरणातील त्रुटी : ओऑथ (पासवर्ड न देता ॲप्लिकेशनला वापरकर्त्याच्या खात्यात प्रवेश देण्याची प्रमाणित पद्धत) वापरून एखादे ॲप्लिकेशन समाजमाध्यमाच्या एपीआयशी (दुसऱ्या ॲप्लिकेशनांना सेवा पुरवणाऱ्या दुव्याशी) जोडताना त्या ॲप्लिकेशनची किंवा वापरकर्त्याची ओळख सर्व्हरला न पटल्यामुळे विनंती नाकारली जाणे. ट्विटरने (२०२३ पासून एक्स) ऑगस्ट २०१० मध्ये केवळ पासवर्डवर चालणारी जोडणी बंद करून ओऑथ सक्तीचे केले, त्यामुळे या त्रुटींचे बहुतेक प्रकार तेथे पाहायला मिळतात.

ओऑथ १.०ए पद्धतीत प्रत्येक विनंतीवर स्वाक्षरी असते. विनंतीची पद्धत, पत्ता आणि क्रमाने लावलेले घटक (पॅरामीटर) जोडून एक आधार-ओळ तयार होते, आणि ॲप्लिकेशन व वापरकर्ता या दोघांच्या गुप्त कळा एकत्र करून एचमॅक-शा१ या रीतीने तिची स्वाक्षरी काढली जाते. सर्व्हर हीच कृती स्वतः करून पाहतो व दोन्ही स्वाक्षऱ्या जुळल्या नाहीत तर ३२ क्रमांकाची त्रुटी पाठवतो. आधार-ओळीत एका बाइटचा फरक असला तरी स्वाक्षरी पूर्णपणे बदलते, म्हणून चूक किती मोठी आहे किंवा कोठे आहे याचा कोणताही माग तिच्यात उरत नाही. स्वाक्षऱ्यांकडे पाहत बसण्यापेक्षा आपली आधार-ओळ छापून ती दस्तऐवजातील नमुन्याशी अक्षरशः ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.

चूक बहुधा टक्केवारी-संकेतनात (विशेष चिन्हाचा प्रत्येक बाइट % आणि त्यापुढे दोन अंक-अक्षरे अशा तीन चिन्हांनी लिहिण्यात) सापडते. रिकाम्या जागेसाठी अधिकचिन्ह चालत नाही, आणि आधार-ओळीत घटकांचे संकेतन दोनदा होते, हे अनेकदा नजरेतून सुटते. देवनागरी मजकुरात ही अडचण विशेष जाणवते : यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असल्याने ‘मराठी’ या शब्दाची ५ चिन्हे पहिल्या संकेतनानंतर ४५ होतात. इंग्रजी मजकूर व्यवस्थित जात असताना मराठी मजकूर मात्र ३२ क्रमांकाने परतत असेल, तर कळांवर संशय न घेता आधी संकेतन तपासावे.

दुसरे कारण घड्याळ. विनंतीतील कालमुद्रा (विनंती केल्याची वेळ) १ जानेवारी १९७० पासूनच्या जागतिक वेळेच्या सेकंदांत असते. भारतीय वेळ जागतिक वेळ समजून भरल्यास ती १९,८०० सेकंद पुढे जाते व १३५ क्रमांकाची त्रुटी येते.

सर्व्हरकडून येणाऱ्या ४०१ आणि ४०३ या उत्तरांची गल्लत होऊ देऊ नये. ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही. ४०३ म्हणजे विनंती समजली, पण ती करू दिली जात नाही, आणि याचे एक नेहमीचे कारण अपुरी परवानगी हे असते. ॲप्लिकेशनची परवानगी ‘वाचन’वरून ‘वाचन-लेखन’ केली, तरी आधी दिलेल्या टोकनांना (वापरकर्त्याच्या संमतीनंतर ॲप्लिकेशनला मिळणाऱ्या प्रवेश-कळांना) ती आपोआप लागू होत नाही. वापरकर्त्याची संमती पुन्हा घ्यावी लागते. टोकन अवैध किंवा मुदतबाह्य असल्यास ८९, आणि परतीचा पत्ता (संमतीनंतर वापरकर्त्याला जेथे परत पाठवायचे तो) नोंदवलेला नसल्यास ४१५ हा क्रमांक येतो.

ओऑथ २.० मध्ये प्रत्येक विनंतीवर स्वाक्षरी करावी लागत नाही, त्यामुळे संकेतनाचा वरील प्रश्न मिटतो. मात्र एक्सवर वापरकर्त्याचे टोकन मुळात २ तासच टिकते. संमती घेतानाच ऑफलाइन प्रवेशाची परवानगी मागितली नसेल तर नूतनीकरणाचे टोकन मिळत नाही, आणि सकाळी सुरळीत चाललेली जोडणी दुपारी ४०१ देऊ लागते.

शोध घेताना गुप्त कळा ॲप्लिकेशनच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) किंवा सार्वजनिक कोडमध्ये कधीही उघड करू नयेत. त्या उघड झाल्यास तत्काळ नव्या काढाव्यात. मात्र त्याबरोबर जुन्या निरुपयोगी होत असल्याने, ॲप्लिकेशन जेथे जेथे चालते त्या प्रत्येक सर्व्हरवर त्या बदलाव्या लागतात.