गर्भनिरोधक गोळ्या सोडल्यावर होणारे हार्मोनचे बदल

रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या की तरुण मुलींची पाळी पुढेमागे होते, तोंडावर पिंपल्स येतात, कोणाचे केस गळतात, आणि मग घरात सगळ्यांचं एकच, गोळ्यांनी अंग बिघडलं. खरं तर बहुतेक वेळा गोळ्यांनी झाकून ठेवलेलं परत वर येत असतं.

माला-एनचं पाकीट बघा, सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं ते. २८ गोळ्या, त्यातल्या २१ हार्मोनच्या आणि शेवटच्या ७ तपकिरी, त्या नुसत्या लोहाच्या. हार्मोन बाहेरून मिळतंय म्हटल्यावर मेंदू एफएसएच, एलएच ही अंडाशयाला कामाला लावणारी हार्मोन कमी सोडतो, बीज तयार होऊन बाहेर पडतच नाही, आणि तपकिरी गोळ्या सुरू झाल्या की हार्मोन तुटल्यामुळे गर्भाशयाचं अस्तर गळतं. म्हणजे ती घड्याळासारखी येणारी पाळी पाकिटाची, आपली नव्हे!

सोडल्यावर दोन-चार दिवसांत एकदा रक्तस्राव होतो, मग अंडाशय परत कामाला लागायला कोणाला दोन आठवडे तर कोणाला दोन-तीन महिने. पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं, त्यामुळे ‘अजून पाळी कुठे आलीय’ म्हणून बिनधास्त राहिलेल्या मुलीला दिवस जाऊ शकतात. पिंपल्सचं कारण वेगळं, गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात मोकळं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी असतं, गोळी सुटली की ते वाढतं आणि त्वचा तेलकट होते, त्यात आमच्या गोव्याची दमट हवा, मे महिन्यात तर विचारूच नका. केस साधारण दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात आणि बहुतेकींचे आपोआप थांबतात. पाळीतल्या कळा आणि जास्त अंगावर जाणं आधी असेल तर तेही परत येतं. पीसीओडीसाठी, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या अंडाशयाच्या विकारासाठी, गोळ्या दिलेल्या असतील तर पाळी पुन्हा लांबणारच, गोळीने पीसीओडी बरा झालेला नसतो.

तीन महिने पाळी नाही आली तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायची, मग डॉक्टरकडे, ते बहुधा थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) तपासतात.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पाळी नको म्हणून फार्मसीतून आणतात ती गोळी वेगळी. ती नॉरएथिस्टेरॉन, थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, आणि त्या डोसवर गर्भ राहणार नाही असं धरून चालू नये.