सुईच्या वाटेने : आमच्याकडे येण्याआधी वाचा

"सोनोग्राफी काढायला आलो होतो, आता पायावर उपचारही तुम्हीच करणार?" हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे रेडिओलॉजिस्ट म्हणजे सोनोग्राफीवाला, फार तर सीटी-एमआरआयचा रिपोर्ट लिहून देणारा. ही ओळख चुकीची नाही, पण अर्धी आहे. याच शाखेतले काही डॉक्टर पुढचं शिक्षण घेतात आणि पडद्यावर आतलं चित्र बघत बघत सुई, तार आणि बारीक नळीने उपचार करतात. त्यांना इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट म्हणतात. नाव तोंडात बसत नाही, म्हणून आमचे बरेच पेशंट "नसांचे डॉक्टर" म्हणतात. आमची हरकत नाही, फक्त काम नसांपुरतं नाही.

मूळ युक्ती 1953 सालची, स्वीडनच्या सेल्डिंगर यांची. नसेत सुई घालायची, सुईच्या पोकळीतून तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि त्या तारेवरून नळी ओवायची. बस्स. 1964 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलँडला चार्ल्स डॉटर यांनी याच वाटेने एका 82 वर्षांच्या आजींच्या मांडीतली चोंदलेली रक्तवाहिनी रुंद केली. पाय कापावा लागेल असं सांगितलं होतं आणि आजी ऐकत नव्हत्या. पाय वाचला. पुढे अडीच वर्षांनी त्या वारल्या, तोवर स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होत्या.

नळी किती जाड असते, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. ती "फ्रेंच" या मापात मोजतात आणि 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर. आम्हाला बहुतेक वेळा 4 ते 6 फ्रेंचची लागते, म्हणजे सव्वा ते दोन मिलिमीटरची. केळीच्या बागेत ठिबकची 16 मिलिमीटरची लॅटरल अंथरतो, तिचा आठवा हिस्सा. म्हणून टाके लागत नाहीत आणि पूर्ण भूलही सहसा लागत नाही. सुई टोचायची तेवढी जागा बधिर करतो. तुम्ही जागे असता, बोलता, काही जण पडद्याकडे बघत बसतात.

पायाच्या फुगलेल्या नसा

आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी व्हेरिकोज व्हेन्सची. केळीचे घड खांद्यावर वाहणारे मजूर, हॉटेलातले आचारी, शिक्षक, कंडक्टर, दिवसभर ओट्यापाशी उभ्या असणाऱ्या बायका. पायातलं रक्त वर हृदयाकडे न्यायच्या नसांमध्ये झडपा असतात. त्या सैल झाल्या की वर गेलेलं रक्त परत खाली उतरतं, नस फुगते, वेडीवाकडी होते. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याच्या आतल्या बाजूला खाज सुटते, कातडी काळपट पडते, आणि शेवटी तिथेच जखम होते जी मलमाने भरत नाही. दोन-दोन वर्षं ड्रेसिंग करून आलेले लोक बघितले की वाईट वाटतं, कारण मलमपट्टी वर चालू असते आणि बिघाड नसेत असतो.

तपासणी उभं करून होते. झोपवून काढलेला रिपोर्ट घेऊन आलात तरी आम्ही पुन्हा उभं करून सोनोग्राफी करतो. पैसे काढायचा डाव नाही तो. झोपल्यावर रक्त खाली उतरतच नाही, मग झडप गळते की नाही ते दिसणार कसं?

उपचाराच्या दिवशी काय होतं ते सांगतो. पायाला गार जेली लावली जाते. गुडघ्याच्या आसपास किंवा खाली एक सुई टोचतो, तिच्यातून तार, तारेवरून नळी, नळीतून लेसरचा केसासारखा बारीक फायबर. मग नसेच्या भोवती बधिर करणारं औषध मिसळलेलं थंड सलाइन भरतो. यात सात-आठ वेळा टोचलं जातं, आणि खरं सांगायचं तर सगळ्या उपचारात त्रासाचा भाग हाच. नंतर लेसर चालू करून फायबर हळूहळू मागे ओढत आणतो, उष्णतेने नस आतून मिटते. पडद्यावर ती पांढुरक्या रेघेसारखी दिसायला लागते. रक्त बाजूच्या चांगल्या नसांमधून जातं, त्यामुळे "नस बंद केली तर पाय सुकेल का" ही भीती नको. पट्टी बांधतो आणि लगेच चालायला लावतो. चालणं हा उपचाराचाच भाग आहे; घरी जाऊन खाटेवर पडून राहिलात तर खोलवरच्या नसेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो.

घट्ट मोज्यांबाबत आमचीच एक चूक सांगतो. सुरुवातीला आम्ही सरसकट सगळ्यांना सांगायचो, स्टॉकिंग दिवसभर घाला. रावेरकडचे एक मजूर काका मे महिन्यात उपचार करून गेले आणि पंधरा दिवसांनी आले ते स्टॉकिंग घडी करून, लेबलसकट पिशवीत घेऊन. "डॉक्टर, 44 डिग्रीत हे घालून बागेत उभं राहून दाखवा." काय उत्तर देणार? तेव्हापासून किती दिवस, किती तास घालायचे ते तुमचं काम विचारून ठरवतो. जखम नसेल आणि घाई नसेल तर दिवाळी ते होळी हा काळ सोयीचा. जखम असेल तर ऋतू बघत बसू नका.

काळं बोट, गार पाय

हा वेगळा आजार. इथे पायाकडे रक्त नेणारी वाहिनीच चोंदते. ठिबकच्या लाइनमध्ये क्षार धरला की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं, तसं. चाललं की पोटरी धरते, थांबलं की सुटते. पुढे रात्री झोपेतही पाय ठणकतो, बोट काळं पडतं. विडी-सिगारेट, तंबाखू आणि साखरेचा आजार ही नेहमीची कारणं. अशा वाहिनीत फुगा फुगवून वाट मोकळी करता येते, गरज पडली तर जाळी बसवतात. मात्र विडी चालू ठेवली तर वाट पुन्हा बुजते, त्यावर आमच्याकडे तार नाही.

पाय गार लागतो म्हणून गरम विटेने शेकू नका. साखरेमुळे पाय बधिर असतो, भाजलेलं कळत नाही, आणि मूळ दुखण्यावर भाजल्याची जखम चढते. पाय अचानक पांढरा, गार पडून असह्य दुखायला लागला तर त्याच तासाला निघा, अगदी रात्री दोन वाजता. सकाळपर्यंत थांबणं परवडत नाही.

डायलिसिसवाल्यांनी रोज सकाळी हातातल्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी दोन रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात ती जागा) बोटं ठेवून थरथर लागते का ते बघावं. कमी झाली किंवा थांबली तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. वेळेत आलात तर अरुंद जागा फुग्याने मोकळी करता येते. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बांगड्या नाहीत.

पिशवीतल्या गाठी

गर्भपिशवीत फायब्रॉइडच्या गाठी आणि महिन्याच्या महिन्याला अंगावरून इतकं जातं की हिमोग्लोबिन सातवर येतं, अशा ताया-काकूंना बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, पिशवी काढून टाका. कधी तो बरोबरही असतो. पण 1995 पासून जगात आणखी एक पर्याय आहे, फ्रान्समध्ये तो आधी पुढे आला. जांघेतून किंवा मनगटातून नळी नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत रव्याच्या कणांएवढे बारीक कण सोडतात. पोषण तुटलं की गाठ पुढच्या काही महिन्यांत आक्रसते आणि रक्तस्राव कमी होतो. पिशवी जागेवर राहते. पहिली रात्र पोटात जोराच्या कळा येतात, म्हणून एक रात्र दाखल ठेवून औषध देतो. पुढे मूल हवं असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. अशा वेळी फक्त गाठ काढण्याचं ऑपरेशन बऱ्याचदा बरं पडतं आणि आम्ही स्वतःच तिकडे पाठवतो. आखाजीला माहेरी जायचंय म्हणून तारीख पुढे ढकलली तर चालेल. पण रक्त चढवायची वेळ आली असेल तर नाही.

बाकीची कामं थोडक्यात. यकृतात पू झाला तर सोनोग्राफीत बघून नळी ठेवून तो काढतो (नळीचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं, म्हणून नाव पिगटेल). मूत्रनलिका अडून किडनी फुगली तर पाठीतून नळी घालतो. गाठीचा तुकडा तपासायला काढतो. पुरुषांच्या व्हेरिकोसीलवर (अंडकोषाजवळच्या फुगलेल्या नसा), आणि जुन्या टीबीनंतर खोकल्यातून रक्त पडणाऱ्यांवरही नळीतूनच उपचार होतो.

लकव्यासाठी आमच्याकडे येऊ नका. तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं की सीटी आणि न्यूरोचा विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आमच्या दारात गेलेला अर्धा तास तुमचाच जाईल. हृदयाची अँजिओप्लास्टीही आमची नाही, ती हृदयरोगतज्ज्ञांची.

येताना

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा; मनाने बंद करू नका, मनाने चालूही ठेवू नका. साखरेच्या गोळ्यांचं पाकीट आणा, कारण डाय (रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) देताना मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी कधी कधी थांबवावी लागते. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट हवा. पूर्वी सीटीच्या डायने अंगावर गांधी उठल्या असतील तर ते पहिल्या वाक्यात सांगा. जुन्या फिल्म जरूर आणा, पण उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत टाकून नको. तापली की फिल्म काळी पडते आणि हजारोंची तपासणी वाया जाते. सीडी मिळाली असेल तर उत्तम.

धोके नाहीत असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. टोचलेल्या जागी रक्त साकळतं, क्वचित जंतुसंसर्ग होतो, डायची ॲलर्जी येते, कधी तार पुढे सरकतच नाही आणि ऑपरेशन करावं लागतं. जांघेतून नळी घातली असेल तर नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडावं लागतं. संमतीपत्रावर सही करण्याआधी घरच्या एकाला सोबत बसवा.

कॅथलॅब, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर बघत नळीने उपचार करायची खोली, आमच्या मालकीची नाही. पायाच्या वाहिन्या, गर्भपिशवी, फुप्फुसातला रक्तस्राव ही कामं दुसऱ्या रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये होतात आणि तिथलं बिल वेगळं लागतं. अंदाज आधी कागदावर देतो. फुगा किंवा जाळी वापरली तर तिचं स्टिकर तुमच्या फाइलला लावलेलं बघून घ्या. महात्मा फुले योजनेत आम्ही नाही. तुमचा उपचार त्यात बसतो का ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, बसत असेल तर तिकडेच जा.

इथे सोनोग्राफी मशीन आहे म्हणून एक गोष्ट: गर्भलिंगनिदान होत नाही. 1994 चा कायदा आहे. ओळखीने, चिठ्ठीने, खुणेने, कशानेही नाही.

आणि बोलायला संकोच नको. "मना पाय दुखस" एवढं म्हटलं तरी आम्हाला कळतं. फक्त पुढे सांगा: कुठे, कधीपासून, आणि चालताना की रात्री पडल्यावर.