कॅलिफोर्नियात जुना ट्रॅव्हल ट्रेलर विकताना: डीलरला द्यावा की स्वतः विकावा, आणि कागदपत्रं कोणती लागतात

मुलं लहान असताना हौसेनं घेतलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं सहलीचं छोटं घर, पुढं वर्षातले अकरा महिने भाड्याच्या जागेत उभा राहतो. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच मराठी घरांत हा प्रश्न कधीतरी येतोच, आणि भारतात परतायचं ठरलं की तो एकदम तातडीचा होतो. डीलरकडे देऊन त्याच्याकडूनच नवा घ्यायचा, म्हणजे ट्रेड-इन, की स्वतः गिऱ्हाईक शोधायचं? माझं मत आधीच सांगते: कर्ज फिटलेलं असेल आणि हातात महिनाभर वेळ असेल, तर स्वतः विका. त्याचं मोठं कारण करात आहे.

टेक्सासमध्ये ट्रेड-इन केलं तर कर फक्त फरकावर लागतो. नवा ट्रेलर ४०,००० डॉलरचा आणि जुन्याचे १५,००० धरले, तर ६.२५ टक्के कर २५,००० वर बसतो. म्हणजे जवळपास ९३७ डॉलर वाचतात आणि डीलरनं थोडा कमी भाव दिला तरी तो खपून जातो. कॅलिफोर्नियात ही सवलत नाही. इथे पूर्ण ४०,००० वर कर, तोही किमान ७.२५ टक्के आणि वर स्थानिक कर. त्यामुळे इथे ट्रेड-इनचा फायदा उरतो तो फक्त सोयीचा. टेक्सासमधल्या नातेवाईकाचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका, तो त्यांच्या राज्यात बरोबर असतो.

विकायचा अधिकार कोणाला

टायटलवर, म्हणजे ट्रेलरच्या मालकीच्या दाखल्यावर, ज्याचं नाव, तोच विकू शकतो. जुने लोक टायटलला पिंक स्लिप म्हणतात. नवरा-बायको दोघांची नावं असतील तर मधला शब्द नीट वाचा. 'ऑर' असेल तर एकाची सही चालते. 'अँड' असेल किंवा नुसती तिरकी रेघ असेल, तर दोघांच्या सह्या हव्यात. त्या छोट्या रेघेमुळे डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याच्या, काउंटरवरून परत यावं लागतं.

मराठी नावांची इथे वेगळी अडचण होते. टायटलवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, लायसन्सवर नसतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. सही टायटलवरच्या नावाप्रमाणे करा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं लिहून द्यायला डीएमव्हीचा रेग २५६ हा फॉर्म आहे, त्यात नावासाठी वेगळा भाग आहे. टायटलवर खाडाखोड झाली तरी खुलासा याच फॉर्मवर करायचा. व्हाइटनर अजिबात लावू नका.

हे सगळं चाकांवर ओढून नेण्याच्या ट्रेलरबद्दल आहे, ज्याची नोंद डीएमव्हीकडे असते. एका जागी बसवलेल्या मोबाइल होमची नोंद राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडे असते आणि ती प्रक्रिया वेगळी आहे.

कागदपत्रं

मुख्य कागद मूळ टायटलच. विकणारा ओळ १ वर सही आणि तारीख घालतो, कर्ज असेल तर कर्ज देणारी संस्था ओळ २ वर सही करते, आणि खरेदीदार मागच्या बाजूला आपली माहिती भरतो. टायटल हरवलं असेल तर रेग २२७ भरा. या फॉर्मवर हरवलेल्या टायटलची मागणी आणि हस्तांतर एकदमच करता येतं, पण मला ते पटत नाही. समोरचा माणूस हजारो डॉलर देतोय, त्याला खरं टायटल डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आधी स्वतःच्या नावावर नवी प्रत मागवा, मगच जाहिरात टाका. शिवाय रेग २२७ वर कर्जमुक्तीची सही घ्यायची असेल तर ती नोटराईज करावी लागते.

विक्रीपत्रासाठी रेग १३५ वापरा. त्यात किंमत, तारीख आणि सतरा आकडी-अक्षरी व्हीआयएन, म्हणजे ट्रेलरचा ओळख क्रमांक, लिहा. ट्रेलर आहे त्या स्थितीत विकत असाल तर तेही लिहा आणि दोघांनी एकेक प्रत ठेवा. ट्रेलरला इंजिन नाही, त्यामुळे स्मॉग तपासणी आणि ओडोमीटर हे दोन्ही प्रश्नच येत नाहीत. साधी नंबर प्लेट ट्रेलरबरोबरच जाते. मात्र ट्रेलर वापरात नाही असं डीएमव्हीला कळवून, म्हणजे पीएनओवर, ठेवला असेल तर खरेदीदाराला आधीच सांगा. तसा ट्रेलर थेट रस्त्यावरून ओढून नेता येत नाही.

कर्ज बाकी असेल तर

बहुतेक वेळा टायटल कर्ज देणाऱ्या संस्थेकडे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतं. पूर्ण फेडीची रक्कम लेखी मागवा आणि ती कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे ते पाहा. कर्ज फिटल्यावर कागदी टायटल टपालानं यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ अनोळखी खरेदीदार सहसा थांबत नाही. ट्रेड-इन खरोखर उपयोगी पडतं ते इथे. जुनं कर्ज डीलर फेडतो आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं त्याला त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे. तोपर्यंत कर्ज तुमच्याच नावावर असतं, म्हणून मधे हप्ता आला तर भरा. ट्रेलरच्या किमतीपेक्षा कर्जच जास्त असेल, तर तो फरक नव्या कर्जात मिसळला जातोय का ते करारात शोधा. मासिक हप्ता छोटा दाखवून हे सहज लपवता येतं.

पैसे आणि पाच दिवसांची मुदत

कॅशियर्स चेक खोटा निघू शकतो. खात्यात रक्कम दिसल्यावर काही आठवड्यांनीही तो परत येतो. ज्या बँकेनं चेक काढला तिच्याच शाखेत खरेदीदाराला भेटा, काउंटरवरच्या कर्मचाऱ्यासमोर चेक घ्या, आणि त्यानंतरच टायटलवर सही करा.

ट्रेलर गेल्यावर विकणाऱ्यानं पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला कळवायचं असतं. त्यासाठी रेग १३८ आहे, तो डीएमव्हीच्या संकेतस्थळावर भरता येतो आणि त्याला शुल्क नाही. नंबर प्लेट, व्हीआयएनचे शेवटचे पाच आकडे, विक्रीची तारीख आणि खरेदीदाराचं नाव-पत्ता एवढं पुरतं. म्हणून खरेदीदाराच्या लायसन्सवरून नाव-पत्ता आधीच उतरवून घ्या. ही नोंद केली नाही, तर त्यानं केलेल्या पार्किंगचे दंड आणि अपघाताचे दावे तुमच्या दारात येतात. ट्रेड-इन केलं तरी ही नोंद करायचीच, खरेदीदार म्हणून डीलरचं नाव घालून. नोंद झाल्याचं पान जपून ठेवा आणि विमा त्यानंतरच बंद करा.

या नोंदीनं मालकी मात्र बदलत नाही. ती खरेदीदाराला करून घ्यावी लागते. त्यानं दहा दिवसांत टायटल आणि शुल्क डीएमव्हीकडे द्यायचं असतं, आणि ३० दिवस उलटले की दंड लागू शकतो. यूज टॅक्स, म्हणजे खाजगी खरेदीवर विक्रीकराऐवजी लागणारा कर, तोही खरेदीदारच भरतो, खरेदीच्या किमतीवर. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं किंवा जोडीदार यांच्यातल्या हस्तांतराला या करातून सूट मागता येते, तीही रेग २५६ वरच. कर वाचवायला विक्रीपत्रावर किंमत कमी लिहा, असं खरेदीदार म्हणाला तर नाही म्हणा. त्या कागदावर सही तुमची असते.

भारतात परतण्याआधी विक्री होत नसेल, तर विश्वासातल्या माणसाच्या नावानं रेग २६० हे डीएमव्हीचं मुखत्यारपत्र विमानात बसण्यापूर्वीच सही करून त्याच्याकडे द्या. त्यावर व्हीआयएन लिहिलेला असावा. मूळ टायटल, ट्रेलरच्या किल्ल्या आणि भाड्याच्या जागेचा करारही त्याच पाकिटात ठेवा.