वसतिगृह चळवळ (महाराष्ट्र)

खेड्यातल्या आणि गरीब घरांतल्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात उभी राहिलेली चळवळ. कोल्हापूर संस्थानात ती रुजली आणि तिथून सातारा, नाशिक, सोलापूर, विदर्भ अशी पसरली. बोलण्यात या वसतिगृहांना सर्रास ‘बोर्डिंग’ म्हणतात. शिक्षणाच्या इतिहासात शाळा, कायदे आणि शिक्षणमहर्षी यांना पानेच्या पाने मिळतात, बोर्डिंगाची बोळवण मात्र एखाद्या ओळीवर होते. हा मोठाच अन्याय आहे. बहुजन समाजातली शिकलेली पहिली पिढी मुख्यतः बोर्डिंगातच घडली.

त्या काळी मराठी चार इयत्तांची शाळा मोठ्या गावात असे, पण त्यापुढचे इंग्रजी शिक्षण घ्यायचे तर जिल्ह्याचे किंवा संस्थानाचे ठिकाण गाठावे लागे. फी कशीबशी भरता आली तरी राहायचे कुठे आणि जेवायचे कुणाकडे, हा प्रश्न उरेच. गरीब ब्राह्मण मुलासाठी समाजात याची सोय पूर्वापार होती. तो वार लावून जेवी, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. नाहीतर माधुकरी मागे. या सोयीने असंख्य मुले शिकली. कुणब्याच्या, धनगराच्या, चांभाराच्या मुलाला मात्र ती दारे बंद होती. सोवळ्याओवळ्यामुळे भाड्याची खोलीसुद्धा मिळत नसे, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर पाणवठाही बंद. ‘या जातींना शिक्षणाची गोडीच नाही’ असे तेव्हा बिनदिक्कत लिहिले जाई. खरी अडचण रात्री पाठ कुठे टेकायची आणि दोन वेळची भाकरी कुठून आणायची, ही होती.

राजर्षी शाहू महाराजांनी (1874–1922) ती नेमकी ओळखली. 1896 मध्ये कोल्हापुरात सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिले, पण व्यवहारात तिथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा झाला. मग त्यांनी वेगळी वाट धरली. ज्या समाजाची मुले, त्या समाजाने पुढे यायचे, वर्गणी गोळा करायची, व्यवस्था पाहायची. दरबार जागा, इमारत आणि वार्षिक मदत देईल. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. पुढे मुस्लिम, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती अशी एकामागून एक वसतिगृहे निघाली. अस्पृश्य मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच.

जातवार वसतिगृहांनी जात घट्ट केली, असा आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो. त्यात तथ्य आहे. बोर्डिंग चालवता चालवता जातीच्या संघटना बळकट झाल्या आणि पुढच्या राजकारणातही त्याचे पडसाद उमटले. पण 1901 सालच्या कोल्हापुरात एका पंगतीत जेवायला मुलांचे आईबापच तयार नव्हते. पंगत मोडेपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर एक अख्खी पिढी अडाणी राहिली असती. शिवाय महाराजांचे काम बोर्डिंगापाशी थांबले नाही. 1902 मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, तर 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत इतरांबरोबर घेण्याचा आदेश निघाला. शाळा, बोर्डिंग आणि नोकरी ही साखळी सलग होती, म्हणून ती टिकली.

पंगत मोडण्याचे काम याच व्यवस्थेतून शिकलेल्या एका विद्यार्थ्याने केले. कुंभोजचे भाऊराव पाटील (1887–1959) कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभाला जाऊन आल्यावर विटाळ फेडण्यासाठी अंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकिकत त्यांचे चरित्रकार सांगतात. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला हलवून सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

इथले शिक्षण वर्गात कमी आणि स्वयंपाकघरात जास्त होई, असे म्हटले तरी चालेल. दळण, सरपण, पाणी, भाकरी, भांडी ही कामे मुलांनी पाळीपाळीने करायची, आणि पाळी जात बघून येत नसे. महाराच्या मुलाने थापलेली भाकरी मराठ्याच्या आणि जैनाच्या मुलाच्या ताटात पडे. शेतात राबून, मिळेल ते अंगमेहनतीचे काम करून मुले आपल्या खर्चाला हातभार लावत. ‘कमवा आणि शिका’ची मुळे इथलीच. तरीही कोठीत धान्य संपायचे. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, मुलांच्या जेवणासाठी मोडले. 1930 मध्ये त्या वारल्या. रयतच्या आजच्या पसाऱ्याकडे पाहताना त्यांचे नाव भाऊरावांच्या बरोबरीने घ्यायला हवे, आणि ते पुरेसे घेतले जात नाही.

इतरत्रही ही वाट रुळत होती. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनने (1906) शाळांच्या जोडीने वसतिगृहे चालवली. नाशिकला 1914 मध्ये उदाजी मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यातून जिल्ह्यातली मोठी शिक्षणसंस्था वाढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह उघडले. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. मुलींसाठी निवासी शिक्षणाची वाट निराळी होती. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (1889) आणि धोंडो केशव कर्वे यांचे हिंगण्याचे काम मुख्यतः विधवांच्या आसऱ्यातून सुरू झाले. शेतकऱ्याच्या मुलीला बोर्डिंगात पाठवण्याचे धाडस घरांना व्हायला आणखी बराच काळ जावा लागला.

स्वातंत्र्यानंतर समाजकल्याण आणि आदिवासी विकास खात्यांची वसतिगृहे आली, डोंगरी भागांत आश्रमशाळा निघाल्या. पुण्यात 1955 पासून विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यातल्या मुलांची सोय पाहिली. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्यासाठी पैसे देणारी स्वाधार योजना 2016–17 पासून आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. हप्ता उशिरा जमा झाला की खोलीमालक आणि मेसवाले थांबत नाहीत, ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार. अनेक तालुक्यांत आईने पहाटे भरलेला डबा नाव लिहिलेल्या पिशवीतून एसटीने शहरात येतो आणि मुले स्टँडवर येऊन तो घेऊन जातात. दुष्काळाच्या वर्षी मेसचे पैसे भरता न आल्याने शिक्षण अर्धवट सोडून गावी परतणारी मुले आजही आहेत.