फोन लागत नाही तेव्हा शरीरात काय होतं?

नवरा किंवा मुलगा सीमेवर असेल, तर त्या घरात मोबाईल कधी बंद पडू देत नाहीत. मंगळवेढा, बार्शी, माढ्याकडच्या फौजी घरांत हे नेहमीचंच. चौकीवर रेंज नसली की फोन लागत नाही आणि इकडे टीव्हीवर गोळीबाराच्या बातमीची पट्टी फिरत राहते.

अशा वेळी मेंदूतला अमिग्डला हा भाग धोक्याची सूचना देतो. मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी या भागांमार्फत ती मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचते आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. धोका टळला की ते उतरतं. पण नवऱ्यावरचं संकट टळलं, हे बायकोला कळणार कसं? एरवी कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. ताण महिनोन्महिने राहिला की ही लय बिघडू शकते. मग झोप उडते, छातीत धडधडतं, पित्त वाढतं. बाई दवाखान्यात जाते, ईसीजी नॉर्मल येतो, पित्ताची गोळी मिळते आणि वर सल्ला, ‘टेन्शन घेऊ नका.’ या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. टेन्शन काय ती हौसेनं घेते?

समुपदेशक असं सांगत नाही. भीती नेमकी कशाची, हे तो तिच्याच तोंडून वदवून घेतो. भावनेला शब्द दिला की अमिग्डलाची खळबळ कमी होते, हे मेंदूचा कोणता भाग किती कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या एफएमआरआय तपासणीत दिसलं आहे. दुसरा एक साधा उपाय म्हणजे काळजीसाठी वेळ ठरवणं. संध्याकाळी अर्धा तास सगळ्या शंका वहीत उतरवायच्या. रात्री मनात आलं तर ‘उद्या लिहीन’ म्हणायचं. सरावानं झोप सुधारते.

समुपदेशकाशी बोलायला पुण्याला जायलाच हवं असं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतून आणि मोफत बोलता येतं. सैन्यदलांतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी याच सेवेचा खास कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. समोरासमोर बोलायचं असेल तर सोलापुरात सिव्हिलचा मानसोपचार विभाग आहे.

तरी पाय अडतो तो ‘ह्यांच्या नोकरीवर येईल’ या धास्तीनं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर आणि समुपदेशकांवर बंधनकारक आहे. जीवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद. फोन करायला नवऱ्याची किंवा त्याच्या युनिटची परवानगी लागत नाही. सासूबाईंनाही तो करता येतो. मुलाच्या काळजीनं त्याही जाग्याच असतात.